कुंदाचा डावा हात

जुन्या कॅसेटमधली कुंदा पडद्यावर लख्ख दिसत होती. नवरीला हळद लावत होती, उजव्या हाताने.

"ही माझी बहीण नव्हे," सुमतीबाई म्हणाल्या. "कुंदा डावखुरी होती. आईने रट्टे घालूनही हात बदलला नाही तिने."

स्टुडिओवाला हेरंब ओशाळला. "मावशी, कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरून घेताना यंत्र खराब भाग स्वतःच सुधारतं. हजारो लग्नं बघितलीयत त्याने. डाव्या हाताने हळद कोणी लावत नाही, म्हणून..."

"गेलेल्या माणसाला वळण लावतंय होय? धूसर चालेल, पण आहे तशी दे. एवढीच उरलीय ती माझ्याकडे."

हेरंबने सुधारणा बंद करून कॅसेट पुन्हा लावली. धूसर चित्रात कुंदाने डावा हात हळदीत बुडवला.

सुमतीबाईंनी यंत्राकडे पाहत हळूच विचारलं, "हे कॅसेटमधलंच ना? की याने माझं बोलणं ऐकलं?"