शेवंताबाईंचे टाके

शेवंताबाईंच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा कापून काढला, त्याला चाळीस दिवस झाले, तरी टाके विरघळायला तयार नव्हते. तोंडात तंबाखू जाते तोवर हा नवा धागा जागचा हलत नाही, हे आता गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, तंबाखू सोडा. पुढच्या चट्ट्याचा कॅन्सर होईल," डॉक्टर मुजावर वैतागून म्हणाल्या.

"आईशप्पत सांगते, जन्मात तंबाखू खाल्ली नाही. तुमचा धागाच खोटारडा."

बाई खोटं बोलत नव्हत्या, हे डोळ्यांत दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी दात कशानं घासता?"

"मिश्रीनं. घरचीच असते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, मग..." शेवंताबाईंचा हात कमरेकडे गेला. त्यांनी मिश्रीची डबी काढून टेबलावर आपटली. "मग मिश्री म्हणून विचारायचं की!"

बाराव्या दिवशी त्या परत आल्या. गाल आतून गुळगुळीत झाला होता, एकही टाका उरला नव्हता. मागे गल्लीतल्या नऊ बायका उभ्या होत्या.

"यांतली एकही तंबाखू खात नाही," शेवंताबाई म्हणाल्या. "सगळ्यांना एकेक टाका घाला."