स्तमातिसला निरोप

डेन्मार्कहून बिर्गिटचा फोन आला, तेव्हा अँथुला मसूर निवडत बसली होती. बिर्गिट दर उन्हाळ्यात या बेटावर यायची, अँथुलाच्याच वरच्या खोलीत उतरायची आणि मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये सगळा बेत आधीच फोनवर ठरवून टाकायची.

"जुलैत येतोय आम्ही. समुद्राकडची खोली ठेव."

"ठेवलीच आहे."

"आणि तुझा म्हातारा कुठाय?"

"समुद्रावर."

"घरात कधी टिकलाय का तो! स्तमातिसला म्हणावं, यंदा आम्हाला पलीकडच्या गुहेपर्यंत न्यायचंच. मागल्या खेपेला वाऱ्याचं निमित्त काढून टाळलं त्यानं."

"सांगते."

"आणि ऑक्टोपस त्याच्याच हातचा हवा, निखाऱ्यावर भाजलेला. तुझा चिवट होतो."

"तेही सांगते."

फोन ठेवून अँथुला पुन्हा मसुरातले खडे वेचू लागली. फेब्रुवारीतल्या वादळानंतर स्तमातिसची नुसती होडी किनाऱ्याला लागली होती. समुद्र त्याला परत देत नाही, तोवर या घरात मासळी शिजणार नव्हती.

"आई, तिला सांगितलं का नाहीस?" लेक डेस्पिना वैतागली. "जुलैत ती दारात उभी राहिली की काय करशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," अँथुला म्हणाली. "गावात तर माझ्यासमोर त्याचं कोणी नावसुद्धा काढत नाही. त्याच्यासाठी निरोप ठेवणारं एवढं एकच माणूस उरलंय गं."