कवायतीत शून्य

चौथीच्या सतरा पोरांची प्रगतिपुस्तकं पवित्रापुढं पडली होती. गणपतराव गुरुजी खुर्चीत बसून गुण सांगत होते आणि ती लिहीत होती. उद्या एक मे, निकाल. पहिली ते चौथीला मिळून शाळेत हे एकच गुरुजी, आणि त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. म्हणून दोन वर्षं झाली, निकाल पवित्राच्या हातचा.

निकालच कशाला. दुसरे गुरुजी बदली होऊन गेले ते गेले, त्यांच्या जागेवर कोणी आलंच नाही. तेव्हापासून पहिली-दुसरीही तिच्याकडंच होती. पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेलेले. फळ्यापाशी उभं राहता येत नाही म्हणून गुरुजींनी स्वतःच्या हातानं भिंतीचा खालचा तुकडा काळा रंगवून दिला होता. पोत्यावर बसून ती बाराखडी घ्यायची, पाढे घ्यायची, नाकं पुसायची. बारकी पोरं तिला बाई म्हणायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते बघितलं आणि शेरेबुकात लिहून गेले, की अपंग विद्यार्थिनी वर्गात उत्तम मिसळली आहे. खोटं नव्हतं ते. इतकी मिसळली होती, की ती चौथीत शिकायला आहे हे गुरुजींच्याही कधीकधी ध्यानात राहायचं नाही.

तिच्या मात्र ध्यानात होतं. जूनमध्ये गडमुडशिंगीला, हायस्कुलात, पाचवी. बापानं, महालिंगनं, सायकलच्या कॅरेजला पाठ टेकायला लोखंडी पट्ट्या मारून आणल्या होत्या. आईनं, अव्वानं, त्यावर गोधडी शिवून बसवली होती. तिथं इंग्रजी होतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे तिथं विषयाला एकेक मास्तर होता. ती नुसती बसणार होती आणि दुसरं कोणीतरी तिला शिकवणार होतं.

आधी मुलांची पुस्तकं झाली, मग मुलींची निघाली. अंजना पास. मग तिचं स्वतःचं. मराठी अठ्ठ्याऐंशी, गणित शहाण्णव, परिसर नव्वद. ती भराभर लिहीत गेली. गुरुजी थांबले. खणातनं लाल पेन काढून त्यांनी तिच्यापुढं धरलं.

"कवायतीत शून्य लिही," ते म्हणाले. "आणि शेरा, नापास."

"तिसरीत तुम्हीच चाळीस दिल्तं की, गुर्जी."

गुरुजी वाईट नव्हते. वाईट माणसानं कारण सांगितलं नसतं, त्यांनी सांगितलं. जूनमध्ये पहिलीला तेरा पोरं यायची होती. तालुक्याला तीन अर्ज गेले, यंदाही मास्तर नाही असंच उत्तर आलं. चार वर्ग आणि माणूस एक. शिवाय हायस्कुलात तिला विचारणार कोण? इथं ती बाई आहे. एका वर्षाचा तर प्रश्न.

"तू गेलीस तर मी एकट्यानं काय काय करू, तूच सांग," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला.

पवित्रानं लाल पेन हातात घेतलं. अव्वाला वाचता येत नव्हतं, बापाला सही तेवढी यायची. गुरुजी सांगतील तो कायदा, असं दोघं हात जोडून ऐकणार. पोरीला शाळेत बसू दिलं हेच थोर उपकार, असं अव्वा दर निकालाला म्हणायची.

तिनं शून्य काढलं. चांगलं गोल काढलं. मग शेरा लिहिला.

पुढचं पुस्तक रक्षिताचं. रक्षिता थोराड पोरगी, पवित्राच्या शेजारची. रोज सकाळी पवित्राला पाठीवर घेऊन शाळेत आणायची, मधल्या सुट्टीत आडोशाला न्यायची, हातपाय धुऊन परत पोत्यावर बसवायची. कधी नाक मुरडलं नाही. भागाकार मात्र तिच्या डोक्यात शिरायचा नाही.

"तिला समद्यात पस्तीस घाल," गुरुजी म्हणाले. "ढकलून देऊ वर. तिचा काय उपयोग हितं?"

एवढ्यात बाहेर बारक्यांची मारामारी लागली. गुरुजी छडी घेऊन उठले.

वर्गात ती एकटी राहिली. लाल पेन अजून हातातच होतं. जूनपासनं तिला उचलणार कोण, याचा तिनं गुरुजींसारखाच शांतपणे विचार केला. अव्वा दिवस उजाडताच खुरपायला जाते. बाप साखर कारखान्यावर. बारक्या पोरांच्यानं ती उचलत नाही. तिनं रक्षिताच्या गणितापुढं सव्वीस लिहिले आणि खाली शेरा लिहिला. अक्षर जराही हललं नाही.

गुरुजी धापा टाकत आले आणि एकामागनं एक सह्या ठोकत सुटले. पुस्तक पवित्रानं भरलंय म्हटल्यावर त्यात बघायचं काय?

शाळा सुटल्यावर रक्षिता आली आणि पाठ करून तिच्यापुढं उकिडवी बसली. निकाल कसा लागला ते तिनं विचारलं नाही. उद्याच्या आधी सांगायचा नसतो, एवढं तिला कळत होतं.

"मी नापास झालो तर मला काय न्हाय गं," ती म्हणाली. "पर तुला तिकडं उचलायचं कुणी?"

पवित्रानं मागनं तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

"उचल," ती म्हणाली.