शटरचा दोन पानी अहवाल

निधीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, दोन दिवसांवर आलेलं, आणि तिच्या बाबांच्या कॅमेऱ्याचं शटर काही केल्या उघडेना. तिचे बाबा मकरंद, गिंडीच्या एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख. यंत्रं का बंद पडतात हे शोधण्याचाच तो पगार घ्यायचा. अख्खा रविवार कॅमेऱ्यापुढे बसून त्याने निदान केलं, की चेन्नईच्या खाऱ्या हवेने शटरची पाती गंजली आहेत. तसा दोन पानी अहवाल टाईप करून तो जॉर्ज टाउनला वेंकोबांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला.

वेंकोबांनी चष्मा लावून अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचला. मग सुई घेऊन त्यांनी फोटो काढायच्या बटणाच्या फटीतून एक पिवळट खपली उकरली आणि बटण दाबलं. शटर खट्कन वाजलं.

"पाती ठणठणीत आहेत, सार. आयुधपूजेला, खंडेनवमीला लावलेलं गंध आत वाळून बसलंय. कोणी लावलं?"

"बायकोने" हे उत्तर मकरंदच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मीच," तो म्हणाला.

 

'यंत्रांच्या बटणांना गंध लावू नये' ही नोटीस कारखान्यात दर आयुधपूजेला त्याच्याच सहीने लागते.