पिल्लांना हात लावायचा नाही

"हात लावूचो नाय. एकाकव नाय."

वडिलांनी, लवू आबांनी, एवढं म्हणताच दर्शनाने पुढे केलेला हात मागे घेतला. करी रोडच्या तिच्या टॉवरखाली, पार्किंगच्या तिच्या रिकाम्या जागेत, तीन आठवड्यांची चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. शेजारी त्यांची आई, शेवंती कुत्री, मागचा पाय लांब करून पडली होती. त्या पायात प्लेट होती.

कुडाळजवळच्या वाडीत बिबट्या आबांच्या गोठ्यात शिरला, तेव्हा गाभण शेवंती त्याला आडवी गेली होती. एकही शेळी गेली नाही, पण तिचा पाय मोडला. आबांनी तिला टेम्पोत घालून मुंबईला, परळच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं. ऑपरेशन झालं, आणि बाराव्या दिवशी ती लेकीच्या पार्किंगमध्येच व्याली. आता पुन्हा वीण घेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आबा तीस वर्षं राखणीची कुत्री वाढवत होते. अधू पायाच्या, शेळीवर दात विचकणाऱ्या कुत्र्याची वीण त्यांनी कधी घेतली नाही. एवढ्या वर्षांच्या निवडीतून शेवंती आली होती. तिच्यासारखं कुत्रं हवं म्हणून तीन वाड्या वाट बघत होत्या, आणि उरली होती ही चारच पिल्लं.

"आता दीड म्हयनो जो जवळ ऱ्हवात, तोच त्यांचो," आबा म्हणाले. "माणसाचो लळो लागलो की शेळी सोडून माणसामागे धावतली. मगे वाघ काय दाराबाहेर थांबतलो?"

आणि घरच्या शेळ्यांकडे बघायला कोणी नाही, असं सांगून ते गावाला निघून गेले. दर्शनाला रागच आला. स्वतः मोकळे, आणि हे सगळं तिच्या गळ्यात!

तरी पिल्लांना शेळ्यांचा लळा लागावा म्हणून ती वरळी कोळीवाड्यात गेली. तिथल्या आनंदीबाईंकडून तिने एक शेळी आणि दोन करडं मागून आणली. सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्र लगेच खाली आले.

"मॅडम, पार्किंग गाडीसाठी असतं. बकरीसाठी नाही."

"नियमात बकरी चालणार नाही असं कुठे लिहिलंय, दाखवा."

ते दोन दिवस नियमावली चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांची आईच शेळीसाठी कोबीची पानं घेऊन आली.

दर्शना सकाळी परळच्या लॅबमध्ये जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर साफसफाई करायची, खाणं ठेवायची आणि तोंड फिरवायची. पिल्लं तिच्या चपला चावायची, ओढणी ओढायची. ती खांबासारखी उभी राहायची. बिल्डिंगमधल्या मुलांनाही तिने लांब ठेवलं. "काय बाई आहे, दगड!" असं कोणीतरी म्हणालेलं तिने ऐकलं.

एका रविवारी सगळ्यात लहान पिल्लाचा पंजा जाळीत अडकला. ते किंचाळू लागलं. तिने पंजा सोडवला आणि नकळत त्याला छातीशी धरलं. त्याने तिची हनुवटी चाटली. किती वेळ, तिला कळलं नाही. मग तिने त्याला शेळीच्या पोटाशी ठेवलं आणि जिन्यात जाऊन रडली. पुढचे दोन दिवस ते पिल्लू जाळीला नाक लावून तिचीच वाट बघत बसलं. तिसऱ्या दिवसापासून तिने अन्न ठेवायला नवऱ्याला, जगदीशला, पाठवलं.

सहा आठवड्यांनी आबा टेम्पो घेऊन आले. शेवंती चालायला लागली होती. आनंदीबाई शेळी न्यायला आल्या होत्या. करडांकडे बघून त्या म्हणाल्या, "ही दोघं त्यांच्याबरोबरच जाऊ देत. आता यांना वेगळं कोण करणार?"

फळी लावली. करडं टेम्पोत चढली, मागे शेवंती, तिच्यामागे तीन पिल्लं. सगळ्यात लहान मात्र फळीशी थांबलं. दर्शना चार पावलांवर उभी होती. तिने श्वास रोखून नजर जमिनीवर लावली. आत करडू ओरडलं. पिल्लाने कान टवकारले आणि ते धडपडत वर चढून करडाच्या अंगाला जाऊन चिकटलं.

दर्शनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आबा, एकानेही माझ्याकडे वळून बघितलं नाही," ती म्हणाली, आणि हसू लागली.

आबांनी टेम्पोची कडी लावली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून, इकडेतिकडे बघत, हळूच म्हणाले, "शेळ्यांका बगूक थय शेजारी होतो गो. पिल्लांका उचलून घेतल्याबिगर माझो हात ऱ्हवाचो नाय, म्हणान पळालंय मी."