अर्धी तलफ

दिवेलागण झाली तशी इंदुमतीच्या जिवाची घालमेल सुरू झाली. घासलेली भांडी तिने पुन्हा घासायला घेतली. आयुष्यात तिने दारूचा थेंब चाखला नव्हता, तरी तिच्या घशाला आत्ता तीच हवी होती.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या, दत्तारामच्या मेंदूतली दारूची अर्धी तलफ काढून तिच्या मेंदूत घातली होती. एकट्याला झेपत नाही ते दोघांत निभावतं, असं ते म्हणाले होते. दत्तारामला त्याची अर्धी छान निभावत होती. तो निवांत मटार सोलत बसला होता.

"कोथिंबीर घेऊन येते," ती म्हणाली.

"सकाळीच आणली की मी."

"मग लिंबं आणते." तिने चपला पायात सरकवल्यासुद्धा.

मटार बाजूला ठेवून तो दारापर्यंत आला. "इंदू, मनात आणलं की सुटतं गं," तो मायेनं म्हणाला.

वाक्य तिचंच होतं. लग्न झाल्यापासून ती त्याला हेच ऐकवत आली होती. ते ऐकलं की पाय उलट जास्तच भराभर पडतात, हे तिला जिना उतरताना कळलं.