बुधवारची वळकटी

दर बुधवारी दुपारी तानुबाई पिझ्झ्याचं फुगलेलं पीठ लाटत, त्यावर आदल्या दिवशीची उरलेली भाजी आणि किसलेलं चीज पसरत, घट्ट गुंडाळी करत आणि ती ताटात झाकून गल्लीच्या टोकाला जैनुद्दीनच्या बेकरीत भाजायला नेत. बेंगळुरूच्या सुनेनं ही कृती त्यांना फोनवर शिकवली होती.

"काकी, आज वळकटीत काय बांधलंय?"

"कालचं वांगं. हसू नगंस, भट्टीत सार."

भाजायला पाऊण तास लागे. तेवढा वेळ तानुबाई बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत, जैनुद्दीनच्या मुलींची चौकशी करत, चहात साखर लय घालतोस म्हणून त्याला रागवत.

एका बुधवारी त्या चष्मा बाकावरच विसरल्या. तो द्यायला जैनुद्दीन पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेला. घरात त्या एकट्याच होत्या. ओट्यावर मोठा ओव्हन होता. त्याच्या काचेवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"पोरानं धाडलाय. दिवाळीत," तानुबाई म्हणाल्या आणि त्यांची मान खाली गेली.

जैनुद्दीननं चष्मा त्यांच्या हातात दिला.

"बिघडलाय व्हय, काकी?"

त्यांनी वर पाहिलं. चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "व्हय. बिघडलाय."

"मग दुरुस्तीच्या नादाला लागू नका," दाराकडे वळत तो म्हणाला. "बुधवारी बाक पुसून ठिवतो."